विष्णुपंत दामले

विष्णुपंत गोविंद दामले (जन्म : १४ ऑक्टोबर १८९२, पेण; मृत्यू : ५ जुलै १९४५, पुणे) हे मराठी चित्रपटसृष्टीच्या आरंभकाळातील चित्रकार, कलादिग्दर्शक, ध्वनिलेखक आणि दिग्दर्शक होते. प्रभात फिल्म कंपनीच्या पाच संस्थापक भागीदारांपैकी ते एक. एस. फत्तेलाल यांच्या जोडीने त्यांनी दिग्दर्शित केलेला संत तुकाराम (१९३६) हा चित्रपट भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील मानाच्या कृतींमध्ये गणला जातो. कंपनीत आणि चित्रपटव्यवसायात ते दामलेमामा या नावाने ओळखले जात. दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले असले, तरी मराठी चित्रपट बोलू लागला त्या वेळी प्रभातच्या ध्वनिविभागाची जबाबदारी त्यांनी उचलली होती, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. त्यांनी उभारलेल्या चित्रनगरीच्या आवारात आज ध्वनिलेखनाचे वर्ग भरतात.

पूर्वायुष्य

दामले यांचा जन्म तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील पेण येथे झाला. गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातून कलेच्या ओढीने ते कोल्हापूरला गेले. छत्रपती शाहू महाराजांच्या काळातील कोल्हापूर हे चित्रकला, मल्लविद्या, संगीत आणि नाटक यांचे मोठे केंद्र होते. तेथे आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे मावस-आतेभावांच्या नात्यातले दोन कारागीर नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत. त्यांच्या पडद्यांची महाराष्ट्रभर ख्याती होती. दामले या दोघांच्या हाताखाली शिकू लागले. याच ठिकाणी त्यांची गाठ कागलच्या शेख फत्तेलाल यांच्याशी पडली. पुढे साहेबमामा म्हणून ओळखले गेलेले फत्तेलाल दामल्यांपेक्षा वयाने काही वर्षांनी लहान होते. दोघांची मैत्री दामल्यांच्या मृत्यूपर्यंत टिकली, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दामले-फत्तेलाल ही जोडी एकाच व्यक्तीच्या नावासारखी उच्चारली जाऊ लागली.

रंगमंचाचा पडदा रंगविणाऱ्याला केवळ चांगले चित्र काढता येऊन भागत नाही. दूर बसलेल्या प्रेक्षकाला राजवाडा राजवाड्यासारखा आणि अरण्य अरण्यासारखे वाटले पाहिजे, दिव्याच्या उजेडात रंग फिके पडता कामा नयेत, आणि एवढे मोठे कापड गुंडाळून बैलगाडीने पुढच्या गावी नेता आले पाहिजे. कला आणि कारागिरी यांचा हा संयोग दामल्यांच्या पुढील सर्व कामात दिसतो.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटामुळे प्रभावित होऊन आनंदराव आणि बाबूराव यांनी स्वतः चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके पैसे जवळ नव्हते. म्हणून कॅमेराच घडवायचे ठरले. १९१६ मध्ये आनंदरावांचे अकाली निधन झाले. बाबूरावांनी हे काम सोडले नाही. शिष्य दामले यांच्या साहाय्याने त्यांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार केला. लेथ, कानस आणि चिकाटी यांच्या बळावर झालेले हे काम दामल्यांचे खरे यंत्रशिक्षण म्हटले पाहिजे. फिल्म ठराविक गतीने सरकणे, क्षणभर थांबणे आणि पुन्हा सरकणे हे त्यांनी स्वतःच्या हाताने घडवून पाहिले होते. चौदा वर्षांनी ध्वनियंत्र समोर आले तेव्हा ही शिदोरी उपयोगी पडली.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री हा मूकपट १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रगृहात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरव केला, ही हकिगत प्रसिद्ध आहे. कंपनीत दामले आणि फत्तेलाल यांच्याबरोबर व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हेही उमेदवारी करीत होते. कंपनीत प्रत्येकाने सर्व कामे करायची, अशी रीत होती. नेपथ्य रंगवणारा फिल्म धूत असे, आणि फिल्म धुणारा गरज पडली की तोंडाला रंग लावून उभा राहत असे. दामले आणि फत्तेलाल यांनी १९२८ मध्ये महारथी कर्ण हा मूकपट दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिला प्रयत्न होय.

प्रभातची स्थापना

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर या चौघा कलावंतांबरोबर सराफीचा व्यवसाय असलेले सीतारामपंत कुलकर्णी हे पाचवे भागीदार होते. कामाची वाटणी स्वभावधर्मानुसार झाली. शांतारामांकडे दिग्दर्शन, धायबरांकडे छायालेखन, फत्तेलालांकडे कला, कुलकर्ण्यांकडे अर्थव्यवहार आणि दामल्यांकडे तांत्रिक बाजू. गोपालकृष्ण (१९२९) या मूकपटाने कंपनीचा आरंभ झाला. त्यानंतर खुनी खंजर, रानीसाहेबा, उदयकाल, चंद्रसेना आणि जुल्म हे मूकपट आले. तुतारी फुंकणारी स्त्री ही कंपनीची मुद्रा होती. मूकपटांच्या काळात ती अर्थातच निःशब्द होती.

बोलपटाचे आव्हान

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत आलम आरा प्रदर्शित झाला आणि मूकपट तयार करणाऱ्या सर्व कंपन्यांपुढे जगण्यामरण्याचा प्रश्न उभा राहिला. प्रेक्षक बोलणाऱ्या चित्रासाठी झुंबड करीत होते. बोलपटाची यंत्रसामग्री महाग होती, ती चालवणारी माणसे त्याहून दुर्मिळ. बोलपट ही चार दिवसांची नवलाई ठरेल असे मानणारे अनेक होते. प्रभातमध्येही या मताचे वारे होते. अखेर कंपनीने ध्वनियंत्र घेण्याचा निर्णय केला आणि ते चालवण्याची जबाबदारी दामल्यांवर आली. त्या वेळी ते एकोणचाळीस वर्षांचे होते. ध्वनिलेखनाचे विधिवत शिक्षण देणारी कोणतीही संस्था मराठी मुलखात नव्हती. यंत्र समोर ठेवून, उघडून, चुकत आणि पुन्हा जोडत शिकणे, एवढाच मार्ग होता.

त्या काळच्या ध्वनिलेखनाची पद्धत थोडी समजून घेतल्याशिवाय या कामाचे मोल लक्षात येत नाही. ध्वनिग्राहकात शिरलेल्या आवाजाचे विजेच्या स्पंदनांत रूपांतर होई. ही स्पंदने वाढवून त्यांच्या साहाय्याने प्रकाशाची एक बारीक रेषा कमीजास्त केली जाई, आणि ती रेषा सरकत्या फिल्मच्या कडेवर उमटे. आवाज म्हणजे फिल्मवरची काळीपांढरी पट्टी. चित्रगृहातील यंत्रात त्याच पट्टीतून प्रकाश आरपार गेला की उलट क्रमाने पुन्हा आवाज निर्माण होई. हे सारे फिल्मची गती एकसारखी असेल तरच शक्य होते. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवीत. हात जरा भरभर चालला तर पात्रे भरभर चालत, एवढेच. बोलपटात सेकंदाला चोवीस चौकटी ही गती पक्की झाली. ती ढळली तर गायकाचा षड्ज ढळे. चित्र आणि आवाज फिल्मवर शेजारीशेजारी नसत. पट्टीवरचा आवाज आपल्या चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे असतो, म्हणून जोडकामातही नवी शिस्त आली. शिवाय रसायनात फिल्म किती वेळ धुतली यावर आवाजाचा स्पष्टपणा अवलंबून राहू लागला. चित्र थोडे काळपट निघाले तर डोळा सांभाळून घेतो. कान तसे करीत नाही.

त्याहून मोठी अडचण जागेची होती. मूकपट उघड्यावर, सूर्यप्रकाशात किंवा काचेच्या छपराखाली चित्रित होत. बाजूने गाडी गेली, कावळा ओरडला, दिग्दर्शकाने भोंग्यातून सूचना दिल्या तरी बिघडत नसे. आता चित्रीकरण बंदिस्त जागेत आले. कॅमेऱ्याची स्वतःची घरघर झाकावी लागे. तीव्र प्रकाशाचे कर्बदिवे गुणगुणत. रिकाम्या मोठ्या खोलीत शब्द घुमतो आणि माणसांनी, कापडांनी भरलेल्या खोलीत तो मऊ पडतो, हा अनुभव प्रत्येक नेपथ्याबरोबर नव्याने घ्यावा लागे. लाकडी चौकटीवर कापड ताणून उभारलेला राजवाडा डोळ्यांना दगडी दिसला तरी कानांना कापडीच ऐकू येतो. नेपथ्य आणि ध्वनी ही दोन्ही खाती कळणारा माणूस अशा वेळी कंपनीत असणे हे प्रभातचे भाग्य होते.

पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. भारतीय चित्रपटांत गाणे आधी मुद्रित करून नंतर त्यावर ओठ हलवण्याची पद्धत १९३५ पासून रूढ होऊ लागली. तोपर्यंत नट चित्रीकरणाच्या वेळीच गात. साथीदारांना कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, पण ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात बसवावे लागे. नटाने मान वळवली तर स्वर दूर जाई. एखाद्याची चूक झाली की अभिनय, गायन, साथ आणि प्रकाश यांसह सारा प्रसंग पुन्हा घ्यावा लागे.

या परिस्थितीत प्रभातचा अयोध्येचा राजा हा बोलपट तयार झाला आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. तो पहिला मराठी बोलपट मानला जातो. दिग्दर्शन शांतारामांचे होते. गोविंदराव टेंबे यांनी संगीत दिले आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढल्यामुळे प्रसंग दोनदा चित्रित करावे लागले आणि ध्वनिलेखनाचे कामही दुप्पट झाले. आज या चित्रपटातील आवाज ऐकताना तो क्षीण आणि खरखरीत वाटतो, हे खरे. परंतु टेंब्यांच्या गायकीतील बारकावे आणि दुर्गाबाईंच्या शब्दोच्चारांतील ठाशीवपणा त्यातूनही पोचतो. पहिल्याच प्रयत्नात एवढे साधणे सोपे नव्हते. त्यानंतर अग्निकंकण, माया मच्छिंद्र, सिंहगड आणि सैरंध्री हे बोलपट कोल्हापुरातच तयार झाले.

पुण्यातील प्रभातनगरी

१९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली. मुंबईच्या बाजारपेठेची जवळीक हे त्याचे एक कारण होते; बोलपटाला लागणाऱ्या मोठ्या, बंदिस्त चित्रीकरणगृहांची गरज हे दुसरे. एरंडवणे परिसरात, विधी महाविद्यालयाच्या रस्त्यालगत आणि टेकडीच्या पायथ्याशी कंपनीने आपली नगरी वसवली. तो भाग तेव्हा पुणे शहराच्या कडेला होता. जवळच्या रस्त्याला पुढे प्रभात रस्ता हे नाव मिळाले. कंपनी कधीच बंद झाली तरी पुणेकरांच्या रोजच्या पत्त्यांत ते अजून आहे.

चित्रीकरणगृहे, रसायनशाळा, संकलन, ध्वनिविभाग, नेपथ्याची सुतारशाळा, वेशभूषा असे सर्व विभाग एकाच आवारात होते. आवारात तळे होते, झाडे होती. गावाचे, रानाचे, नदीकाठाचे प्रसंग उभे करण्यास ती उपयोगी पडत. कलावंत आणि कामगार महिन्याच्या पगारावर असत. कोल्हापूरची सर्वांनी सर्व शिकण्याची रीत येथे चालू राहिली. शाळेत न शिकवल्या जाणाऱ्या अनेक विद्या तरुणांनी येथे काम करता करता आत्मसात केल्या. ध्वनिलेखनही त्यांपैकीच एक होते. पुढील अनेक प्रभातपटांवर ध्वनिलेखक म्हणून शंकरराव दामले यांचे नाव दिसते.

पुण्यातील पहिला चित्रपट अमृतमंथन (१९३४). याच चित्रपटापासून संगीतकार केशवराव भोळे प्रभातमध्ये आले. नाट्यमन्वंतर संस्थेच्या आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकाला त्यांनी दिलेल्या संगीतामुळे मराठी रंगभूमीवर गाण्याची वेगळी, आटोपशीर पद्धत आली होती. गाणे प्रसंगातून उगवले पाहिजे, केवळ गाता येते म्हणून गाऊ नये, हा भोळ्यांचा आग्रह होता. दामले-फत्तेलाल यांना पुढे नेमका असाच संगीतकार हवा होता.

संत तुकाराम

शांतारामांचे दिग्दर्शन भव्य आणि नाट्यपूर्ण होते. दामले आणि फत्तेलाल यांनी स्वतःच्या दिग्दर्शनासाठी निवडलेला विषय मात्र देहूच्या वाण्याचा होता. पटकथा शिवराम वाशीकर यांनी लिहिली, छायालेखन व्ही. अवधूत यांचे होते, संगीत केशवराव भोळे यांचे. तुकारामांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांची निवड झाली. पागनीस एकेकाळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. त्यांच्या वागण्याबोलण्यातील मार्दव तुकारामाच्या भूमिकेत असे काही मिसळले, की पुढे कित्येक प्रेक्षकांना तुकोबांचे दुसरे रूप डोळ्यांसमोर आणणे कठीण झाले. जिजाईची भूमिका करणाऱ्या गौरी या कंपनीत किरकोळ कामांपासून पुढे आलेल्या होत्या.

हा चित्रपट कानांनी पाहावा असा आहे. त्यात तीन प्रकारचे आवाज एकमेकांसमोर उभे केलेले आहेत. पागनीस गातात ते बसून, चालता चालता, काम करता करता. तान नाही, हरकतींचे प्रदर्शन नाही. बोलणे संपून गाणे कधी सुरू झाले हे लक्षात येत नाही. जिजाईचा आवाज घरातला आहे. मुलांच्या पोटाची चिंता वाहणारी ही बाई विठोबाला खडसावते, नवऱ्यावर चिडते आणि त्याच दमात त्याला जेवायला बोलावते. तिच्या बोलीचा ठसका ध्वनिपट्टीवर जसाच्या तसा उतरला आहे. तिसरा आवाज सालोमालोचा. तुकारामांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा हा माणूस तेच शब्द रंगभूमीच्या थाटात, नखऱ्याने आणि आलंकारिक स्वरांनी गातो. शब्द सारखे असूनही एकात भक्ती ऐकू येते आणि दुसऱ्यात मिरवणे. कोणत्याही पात्राला ही गोष्ट बोलून दाखवावी लागत नाही. खऱ्याखोट्याचा निवाडा प्रेक्षकाचा कानच करतो. ही योजना भोळ्यांच्या संगीताची आहे, वाशीकरांच्या लेखनाची आहे. पण ज्या दिग्दर्शकाने चार वर्षे ध्वनियंत्रापाशी बसून माणसांचे आवाज पारखले होते, त्याचा त्यातील वाटा उघड आहे.

चित्रपटात चमत्कार आहेत. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या परत येतात, शेवटी तुकाराम विमानातून वैकुंठाला जातात. मात्र विमान आकाशात जात असताना जिजाई घरीच राहते, आणि दिग्दर्शकांची सहानुभूती दोघांकडेही सारखीच असते. चित्रपटातील एक गीत शांताराम आठवले यांनी इतक्या हुबेहूब अभंगाच्या वळणाने लिहिले, की अनेकांनी ते तुकोबांचेच मानले. गाथेत ते शोधणारे वाचक आजही भेटतात.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात प्रदर्शित झालेला हा चित्रपट तेथे सलग ५७ आठवडे चालला. कधी चित्रगृहाची पायरी न चढलेली खेड्यापाड्यांतील माणसे गाड्या जोडून तो पाहायला आली. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि तेथे निवडलेल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली. आंतरराष्ट्रीय महोत्सवात असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट समजला जातो.

ध्वनिविभागाचे आणखी एक फळ

१९३७ साली शांतारामांनी ना. ह. आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवरून कुंकू हा चित्रपट काढला. जरठ-कुमारी विवाहाला विरोध करणाऱ्या नीरेची ही कथा. त्यात पार्श्वसंगीत वापरले नाही. प्रसंगात खरोखर असणारे आवाजच तेवढे ऐकू येतात, आणि घरातल्या जुन्या घड्याळाचे ठोके एखाद्या पात्राइतके महत्त्वाचे होतात. हा धाडसी निर्णय दिग्दर्शकाचा होता आणि त्याचे श्रेय शांतारामांना दिलेच पाहिजे. तथापि संगीताचे पांघरूण काढून टाकल्यावर पावलांचा, भांड्यांचा, दाराचा आणि शांततेचा आवाज उघडा पडतो. तो सुबक टिपणारा विभाग हाताशी असल्याशिवाय असा प्रयोग पार पडला नसता. तो विभाग दामल्यांनी पायापासून उभा केला होता.

पुढील चित्रपट

मूकपट म्हणून कंपनीचा आरंभ करणारा गोपालकृष्ण हाच विषय दामले-फत्तेलाल यांनी १९३८ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा घेतला. कृष्णाची भूमिका राम मराठे यांनी केली आणि संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते. नऊ वर्षांपूर्वी मुका असलेला गोकुळाचा गलबला या वेळी ऐकू आला.

संत ज्ञानेश्वर (१९४०) मध्ये शाहू मोडक यांनी ज्ञानेश्वरांची भूमिका केली. या चित्रपटातील भिंत चालवण्याचा प्रसंग तांत्रिक कौशल्यासाठी नावाजला गेला. पैठणच्या रेड्याच्या मुखी वेद हा प्रसंग त्याहून अवघड म्हणावा लागेल, कारण तेथे सारा भार आवाजावर आहे. जनावराच्या तोंडून निघणारा मंत्र हास्यास्पद वाटला असता तर चित्रपट कोसळला असता. तसे झाले नाही. संत सखू (१९४१) या चित्रपटाचे दिग्दर्शन दामले, फत्तेलाल आणि राजा नेने अशा तिघांचे होते. सखूची भूमिका हंसा वाडकर यांनी केली.

अखेरची वर्षे

केशवराव धायबर आधीच कंपनीतून बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांतारामांनीही प्रभात सोडली आणि मुंबईत राजकमल कलामंदिर स्थापन केले. कंपनीचा ओघ त्यानंतर आटत गेला. रामशास्त्री (१९४४) हा पेशवाईतील न्यायाधीशावरचा उत्तम चित्रपट याच काळातला आहे, आणि त्याला गजानन जागीरदार, राजा नेने आणि विश्राम बेडेकर असे तीन दिग्दर्शक लागले यावरून कंपनीतील स्थित्यंतराची कल्पना येते. ५ जुलै १९४५ रोजी पुण्यात वयाच्या बावन्नाव्या वर्षी दामल्यांचे निधन झाले. फत्तेलाल १९६४ पर्यंत होते. पण दामल्यांशिवाय त्यांच्या नावावर संत तुकारामच्या तोडीचे काम झाले नाही.

दामल्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. प्रभातविषयी शांतारामांनी लिहिले, भोळ्यांनी लिहिले, बापू वाटवे यांनी कंपनीचा इतिहास लिहिला. या सर्वांत दामलेमामा येतात ते दुसऱ्याच्या कथेतील शांत, कामसू मनुष्य म्हणून. वीरेंद्र वळसंगकर यांनी दिग्दर्शित केलेल्या त्यांच्यावरील माहितीपटाला बोलपटांचा मूकनायक असे नाव दिलेले आहे. या माहितीपटाला ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गौरवण्यात आले.

प्रभातच्या आवाराचे पुढे काय झाले

१९५० च्या दशकाच्या आरंभी प्रभात कंपनी बंद पडली. १९६० मध्ये भारत सरकारने तिच्याच आवारात चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू केली. आज ती भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था या नावाने ओळखली जाते. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन यांबरोबर ध्वनिलेखन हाही तेथील स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. एका जागेचे आवाज टिपायचे, त्यांतून निवड करायची, आणि दृश्याचा आधार न घेता ती जागा ऐकणाऱ्यासमोर उभी करायची, अशा प्रकारचे काम ध्वनीच्या विद्यार्थ्याला शिकावे लागते. दामल्यांना हे कोणी शिकवले नव्हते. त्यांनी ते कंपनी बुडण्याची भीती डोक्यावर असताना, चालू चित्रीकरणात शिकून घेतले. स्लमडॉग मिलिअनेअर या चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ मध्ये ऑस्कर पुरस्काराचे सहमानकरी ठरलेले रसूल पूकुट्टी याच संस्थेचे विद्यार्थी.

प्रभातची जुनी चित्रीकरणगृहे या आवारात अद्याप वापरात आहेत. शहराच्या कडेला, शेतांच्या सोबतीने असलेली शांतता मात्र उरलेली नाही. विधी महाविद्यालय रस्त्यावर दिवसभर वाहनांची रांग असते, आणि उघड्यावर आवाज टिपू पाहणाऱ्याला दामल्यांच्या वेळी नसलेल्या अडचणीशी झुंजावे लागते.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यातच स्थापन झाले आणि प्रभातचे अनेक चित्रपट तेथे जतन झाले. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते आणि कालांतराने आपोआपही कुजते. चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर असल्याने ती गेली की दोन्ही जातात. जानेवारी २००३ मध्ये संस्थेच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून प्रभातसह अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती नष्ट झाल्या. त्यांतील बऱ्याच चित्रपटांच्या प्रती त्याआधीच सुरक्षित फिल्मवर उतरवून ठेवलेल्या होत्या, म्हणून पागनीसांचा तुकाराम आणि गौरींची जिजाई आजही ऐकता येतात.